तेराचा पाढा आणि ट्रॅकवरचं ऊन

एप्रिलमध्ये चेन्नईला ट्रॅकवर गाडी चालवायला चाललोय म्हणल्यावर आई एवढंच बोलली, "का, इथलं ऊन संपलं व्हय?"

मला हसू आलं होतं. माझ्या डोक्यात हिशोब वेगळाच होता. आपण सांगलीचे, ४१ डिग्रीत भर दुपारी कुपवाड एमआयडीसीत बाईकवर फिरलेली माणसं, चेन्नईचं ३६-३७ म्हणजे आपल्याला थंड हवेचं ठिकाण. मोबाईलवर आकडा बघून मी संत्याला चक्क म्हणालो होतो, बरंय भावा, इथल्यापेक्षा चार डिग्री कमी आहे. हे वाक्य त्याने नंतर वर्षभर मला चारचौघांत ऐकवलंय.

ट्रॅक डे म्हणजे काय हे घरी पन्नास वेळा समजावून झालंय, इथं एकदाच सांगतो. ही रेस नसते. पैसे भरायचे, आपली रोजचीच गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटांच्या सेशनमध्ये रेस ट्रॅकवर पाहिजे तशी पळवायची. समोरून कोण येत नाही, म्हैस नाही, ऊसाचा ट्रॅक्टर नाही. आम्ही गेलो तो मद्रास इंटरनॅशनल सर्किट, म्हणजे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईचा जुना ट्रॅक, १९९० पासूनचा, ३.७१७ किलोमीटरचा एक राऊंड, १२ वळणं. गंमत म्हणजे आपल्या पेठ नाक्यावरून जो हायवे जातो तोच एनएच ४८ पार बंगळुरू करून थेट त्या ट्रॅकच्या अंगावरून जातो. सांगलीतून साधारण साडेनऊशे किलोमीटर. माझी गाडी जुनी लाल पेट्रोल हॅचबॅक आहे, कंपनीचं नाव कशाला, प्रत्येक गल्लीत चार उभ्या आहेत.

आता मी काय काय चुका केल्या ते ओळीनं सांगतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. आदल्या रात्री आंबूरला बिर्याणी, ती पण दोघांत तीन प्लेट. झोप चार तास. सकाळी नाश्त्याऐवजी दोन फिल्टर कॉफी. आणि सगळ्यात भारी म्हणजे सूट. ट्रॅक डेला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पॅन्ट, बूट आणि हेल्मेट एवढं पुरतं, पण मी एकाकडून सेकंडहँड रेसिंग सूट घेतला होता, दोन थरांचा, काळा, फोटोत भारी दिसतो म्हणून. त्या सूटचं कापड नोमेक्सचं असतं, आगीत पेटत नाही, बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. तर मग आतली बाहेर कशी जाईल हा प्रश्न मला दुपारी दोन वाजेपर्यंत पडला नाही.

गाडीत एसी बंद, कारण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनवर ओझं टाकतो आणि एसीची जाळी रेडिएटरच्या बरोब्बर पुढं बसलेली असते, म्हणजे तिच्यातून गरम झालेलीच हवा रेडिएटरला मिळते. काचा खाली, कारण काही झालं तर मार्शलला, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, आत हात घालून माणूस ओढता आला पाहिजे. ऐकायला वाटतं की चला, वारा तरी लागेल. वारा लागतो, पण तो डांबरावरून भाजून आलेला वारा असतो. संत्याकडं वर्कशॉपची टेम्परेचर गन आहे, त्याने दुपारी डांबरावर धरली तर ५८ दाखवलं. गाडीत मी स्वयंपाकघरातला डिजिटल थर्मामीटर चिकटवला होता, आईचा चिक्की करायचा, त्याच्यावर पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथं, उभं असताना ५१.

पहिलं सेशन सकाळी नऊला, मजा आली. दुसरं साडेअकराला, जरा डोकं जड झालं, म्हणलं पाणी कमी पडलं असेल, म्हणून नुसतं पाणी ढोसलं, दोन तासांत तीन लिटर तरी असेल. तिसरं दोन वाजता.

तिसऱ्यातल्या चौथ्या राऊंडला मोठ्या सरळ पट्ट्यावर ब्रेकचा बोर्ड आला आणि मी त्याच्याकडं नुसता बघितला. हे मला नीट सांगायचंय, कारण हीच सगळ्यात भीतीदायक गोष्ट आहे आणि त्या वेळी ती अजिबात भीतीदायक नव्हती. बोर्ड दिसला. हा ब्रेकचा बोर्ड, हे कळलं. आणि काहीच वाटलं नाही, एसटीत खिडकीतून एखाद्या गावाची पाटी मागं जावी तसा तो गेला. मग कधीतरी पाय दाबला तर पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा, तेव्हा कुठं धरलं, तोवर मी ट्रॅक सोडून बाहेरच्या मातीत. उलटलो नाही, कुणाला लागलं नाही, नुसता फुफाटा उडाला आणि मी हळूहळू पिटमध्ये आलो. वाटेत एसी लावू का असा विचार करत होतो आणि एसीचं बटण कुठंय ते आठवत नव्हतं. आठ वर्षं तीच गाडी चालवतोय.

पिटमध्ये हेल्मेटचा पट्टा सुटेना. हेल्मेटला हनुवटीखाली दोन कड्या असतात, पट्टा दोन्हीतून ओवून परत एकीतून मागं घेतलेला असतो, सोडायला लाल फीत ओढली की झालं, डोळे मिटून करता येतं. मी त्या कड्या चाचपत बसलो होतो. बोटं माझी होती पण माझं ऐकत नव्हती, फीत हातात यायची आणि पुढं काय करायचं ते बोटांना सुचायचं नाही. संत्याने हात घातला तर मी त्याच्यावर ओरडलो, हात लावू नको म्हणून, आणि कशाचा राग आला होता ते मला आजही माहीत नाही. त्याने शिव्या खात खात पट्टा सोडला, सूटची चेन खाली ओढली, सावलीत आडवं केलं आणि आईस बॉक्समधलं गार पाणी मानेवर, काखेत, डोक्यावर ओतलं, पाय वर ठेवले, एकाने पुठ्ठ्याने वारा घातला. अर्ध्या तासात माणसात आलो. डोकेदुखी मात्र रात्री अकरापर्यंत.

हे थोडक्यात निभावलं. बडबड सुरू झाली, माणूस गोंधळला, तोल जातोय, अंग तापलंय, तर ती नुसती दमणूक राहत नाही, तो उष्माघात असू शकतो, शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असू शकतं. त्याला जितकं लवकर गार करता येईल तितकं करायचं, बर्फाच्या पाण्यानं, आणि सोबतच १०८ ला फोन. दोन्ही एकदम, एक झाल्यावर दुसरं नाही. शुद्ध धड नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि तापाच्या गोळीचा इथं उपयोग नसतो, हा तो ताप नव्हे.

आता मला जो प्रश्न पडला होता तो असा, की ४१ डिग्रीत फिरणारा माणूस ३६ मध्ये आडवा कसा झाला. उत्तर आमच्याच स्वयंपाकघरात ओट्याखाली तिवईवर बसलंय. माठ. सांगलीत एप्रिल-मेमध्ये माठातलं पाणी असं गार होतं की दात शिवशिवतात. तोच माठ रत्नागिरीला आत्याकडं नेला तर पाणी नुसतं पाणी राहतं. माठ झिरपतो, झिरपलेलं पाणी वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं, पण हवा आधीच ओली असेल तर वाळणार कुठं. कूलरचंही तेच, आपल्याकडं वाळ्याची जाळी लावली की स्वर्ग, मुंबईत त्याच कूलरनं कपडे दमट होतात नुसते.

माणूस म्हणजे चालताफिरता माठ आहे. एक लिटर घाम वाळून उडाला तर जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून घेऊन जातो, हे लई मोठं काम आहे. पण उडाला तर. हनुवटीवरून टपकला, सूटमध्ये मुरला, तर तो फुकट गेला, पाणी पण गेलं, मीठ पण गेलं आणि गारवा शून्य. चेन्नईला समुद्र जवळ, हवा दमट, वरून मी त्या माठाला दोन थरांचा काळा सूट घालून चेन लावलेली. सांगलीत आपण कोरड्या उन्हात भाजतो, तिथं शिजतो.

म्हणून नुसतं तापमान बघणं मी सोडलं, आता आर्द्रता आधी बघतो. फॉर्म्युला वनवाल्यांनी पण शेवटी हेच केलं. २०२३ ची कतारची रेस आठवत असेल, लुसैलची, ती तर रात्री होती, उन्हाचा पत्ता नाही. तरी एस्तेबान ओकॉनने पंधराव्या राऊंडच्या आसपास हेल्मेटमध्येच उलटी केली आणि तसाच चालवत सातवा आला, लोगन सार्जंटला अर्ध्यातून गाडी सोडायला लागली, लान्स स्ट्रोल रेस संपवून सरळ अँब्युलन्सकडं गेला. हे लोक मानेचे स्नायू करायला वर्षभर जिममध्ये असतात. त्याच्यानंतर नियम आला, २०२५ पासून, की हवामानाचा अंदाज ३१ च्या वर जात असेल तर 'हीट हझार्ड' जाहीर करायचा, आणि हा ३१ नुसत्या थर्मामीटरचा नाही, हीट इंडेक्सचा आहे, म्हणजे दमटपणा धरून. पहिल्यांदा तो २०२५ च्या सिंगापूरला जाहीर झाला. ड्रायव्हरला गार पाण्याच्या नळ्यांचं बनियन घालता येतं, नको असेल तर त्याच्या बदली अर्धा किलो वजन गाडीत ठेवायचं, नाहीतर बनियन न घालणाऱ्याचा फायदा व्हायचा. मला हे फार आवडलं, नियम करणाऱ्याला माणसाचा स्वभाव माहीत आहे.

जुन्या काळी तर काहीच नव्हतं. १९८२ ला ब्राझीलमध्ये नेल्सन पिके पहिला आला आणि पोडियमवरच चक्कर येऊन पडला, आणि पुढं त्याला बादच केलं, कारण त्या वर्षी काही टीम ब्रेक थंड करायला म्हणून पाण्याची टाकी बसवायच्या, पाणी वाटेत सांडून गाडी हलकी व्हायची आणि रेस संपल्यावर परत भरून नियमातलं कमीत कमी वजन जुळवायचं. गाडीला नावापुरती का होईना पाण्याची टाकी, आणि माणूस सुकून पडलेला. १९८४ ला डॅलसमध्ये डांबरच उखडायला लागलं होतं, मॅन्सेल शेवटी गाडी ढकलता ढकलता रस्त्यावर कोसळला, आणि जिंकला कोण, तर केके रॉसबर्ग, ज्याने हेल्मेटच्या आत गार पाणी फिरणारी टोपी घातली होती.

टोपीवरून मला पण सुचलं. घरी परत आल्यावर मी आणि संत्याने गार पाण्याचं बनियन करायला घेतलं. साधं सुती बनियन, त्याच्यावर मासे पाळतात तिथं वापरतात ती बारीक पारदर्शक नळी नागमोडी लावली, गाडीच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप घेतला, बारा व्होल्टचा, आणि आईस बॉक्स. नळी शिवायला टेलरकडं गेलो तर तो म्हणाला, "सलाईन लावलंय व्हय बनियनला?" शिवून दिलं मात्र छान. पहिल्यांदा लावलं तेव्हा अंगावर असा काटा आला की संत्याने व्हिडिओ काढला. आठ मिनिटं सुख. मग बर्फ वितळला, आईस बॉक्स इंजिनच्या भिंतीला टेकवून ठेवला होता, आणि त्याच नळ्यांतून कोमट पाणी छातीवरून फिरायला लागलं, म्हणजे मी स्वतःच्या पैशाने स्वतःला शेक देत होतो. दुसऱ्या वेळी कमरेजवळचा जॉइंट निसटला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सीट वाळायला दोन दिवस लागले. ते बनियन आता खुंटीवर आहे.

खरा उपाय वेगळ्याच ठिकाणी सापडला, शिराळ्याकडं, मामाच्या गुऱ्हाळावर.

मामा गुळव्या आहे, हयात चुलवाणापाशी गेलेली. खाली चिपाडाचा जाळ, वर काहिलीत रस रटरटतोय, वाफ तोंडावर, म्हणजे ऊन, आग आणि दमटपणा तिन्ही एका जागी, माझ्या ट्रॅकचा बाप. मी त्याला माझी कथा सांगितली, त्याने काकवीचा फेस बाजूला काढत काढत ऐकली. मग विचारलं, "तू उन्हात कधी असतोस?"

म्हणलं काय मामा, सांगलीत राहतो की.

"सांगलीत राहतोस. उन्हात कधी असतोस? घरात एसी, गाडीत एसी, हापिसात एसी. ऊन तुझ्या गावात पडतंय, तुझ्या अंगावर नाही."

मला काही बोलता आलं नाही. कुपवाडला भर उन्हात बाईकवर फिरायचो ते दहा वर्षांपूर्वी, आणि त्याची मिजास मी अजून मारत होतो.

मग मी विचारलं की इथं जाळ घालणारा माणूस दमलाय हे तुम्हाला कसं कळतं. मामा म्हणाला, आम्ही बघतच नाही. एक आधण निघालं की जाळापाशी माणूस बदलायचा, दमलेला असो नाहीतर नसो. नाही म्हणाला तरी बदलायचा. "मी दमलो म्हणून सांगाय येईपर्यंत गडी काहिलीत पडतोय बघ."

ह्या एका वाक्यासाठी मी साडेनऊशे किलोमीटर जाऊन मातीत गाडी घातली असं म्हणायला हरकत नाही. उन्हात सगळ्यात आधी जे बिघडतं ते म्हणजे आपण ठीक आहोत की नाही हे ठरवणारं डोकं. ब्रेकचा बोर्ड बघून काहीच वाटलं नाही ते म्हणूनच. तेव्हा मला कुणी विचारलं असतं ना, की बरा आहेस का, तर मी एकदम ठणठणीत आहे असंच सांगितलं असतं, आणि खोटं बोलतोय असं मला वाटलंही नसतं. त्यामुळं "बरं वाटेनासं झालं की थांबू" हा नियमच फुसका आहे. किती राऊंड मारायचे ते गाडीत बसायच्या आधी, सावलीत, डोकं गार असताना ठरवायचं आणि ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं.

तर आता मी असं करतो. जायच्या दोन आठवडे आधीपासून अंगाला उन्हाची सवय करतो, शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात, मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. चार वाजता आयर्विन पुलाकडं चालत जायचं, चाळीसेक मिनिटं, पहिले दोन-तीन दिवस पंधरा-वीसच. ऑफिसला जाताना गाडीचा एसी बंद, काचा खाली. सिग्नलला ओळखीचे विचारतात, गॅस संपला व्हय एसीचा? आणि ही सवय टिकत नाही हां, महिनाभर एसीत बसलात की सगळं धुऊन गेलं. बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा, काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, मी गाडीवाला आहे, डॉक्टर नाही.

पिण्याचं म्हणाल तर माझी मोठी चूक नुसतं पाणी ढोसण्याची होती. घामातून मीठ जातं, वरून साधं पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं अजून पाणी कमी पडलंय. आता सकाळी मीठ घातलेलं पातळ ताक, सेशनच्या मध्ये ओआरएस. घरचं करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मापात, डोळ्यानं अंदाज नको. दुकानात ओआरएस लिहिलेल्या रंगीत खोक्यांतलं बरंच नुसतं सरबत होतं, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, त्या नावावर बंदी घातली, तेव्हा पुडी घ्यायची तर मेडिकलमधून डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला बघून घ्या. पन्हं मला प्रिय आहे पण त्यात आई इतका गूळ घालते की ते सेशन संपल्यावरच. आणि वजनकाटा सोबत नेतो, हसू नका. सेशनआधी आणि नंतर वजन करायचं, जेवढं घटलं तो घाम. माझं पंधरा मिनिटांत चारशे ग्रॅम जातं, म्हणजे पुढच्या सेशनआधी अर्धा लिटरच्या वर हळूहळू परत घालायचं.

सूट पेटीत. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, आत पण सुतीच, ते चकचकीत जिमचे टीशर्ट नकोत, कारण दुर्दैवाने आग लागलीच तर ते वितळून कातड्याला चिकटतात. रेसला नोमेक्स घालावंच लागतं, तिथं वाद नाही, पण मग पिटमध्ये आल्याआल्या कमरेपर्यंत उतरवायचं. हेल्मेट उन्हात बॉनेटवर ठेवायचं नाही, फोटोला छान दिसतं, पण नंतर ते डोक्यावर घालायचंय.

आणि घमेलं. बांधकामाचं साधं घमेलं, त्यात पाणी आणि बर्फ, सेशन संपलं की दोन्ही हात कोपरापर्यंत दहा मिनिटं बुडवून बसायचं. आग विझवणारे जवानही हेच करतात, हाताला रक्तपुरवठा भरपूर, गार झालेलं रक्त आत जातं. खुंटीवरच्या त्या बनियनच्या दसपट उपयोगी आणि शिवायला लागत नाही. शेजारच्या पिटमधली महागड्या गाड्यांची पोरं बघून हसत होती, दुपारनंतर तीच येऊन म्हणाली, दादा जरा हात घालू का.

हां, ब्रेक राहिला. तो गाडीचा दोष नव्हता, माझा होता. ब्रेक ऑइल तीन वर्षं बदललं नव्हतं. ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ ह्या प्रकारचं नवं ब्रेक ऑइल कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, ओल शोषलेलं मात्र १५५ च्या पुढं कधीही दगा देऊ शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. आता प्रत्येक ट्रॅक डेच्या आधी नवं ऑइल. शेवटचा राऊंड ब्रेक जवळजवळ न दाबता हळू मारायचा, म्हणजे वाऱ्याने सगळं निवतं, आणि उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतात, गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावायची. टायरची हवा पण बघा, सकाळी गार असताना ३२ होती ती आत आल्यावर ४१ झाली होती, फुगलेला टायर सरकतो. तापलेलं असताना कमी केली तर घरी निघायच्या आधी परत भरायची, हे मी एकदा विसरून थेट वेल्लोरपर्यंत लगद्यासारखी गाडी चालवत आलोय. आणि इंजिनच्या तापमानाचा काटा लालकडं गेला तर हीटर फुल लावा. हो, हीटर. हीटर म्हणजे इंजिनची उष्णता केबिनमध्ये ओतणारा दुसरा छोटा रेडिएटर, गाडी वाचते, आणि तुम्ही पिटपर्यंत काय सोसायचं ते सोसा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडायचं नाही, हे कुपवाडात कुणालाही विचारा, प्रत्येक गॅरेजमध्ये एक भाजलेला हात असतोच.

एक गोष्ट अशीच. आपण पंधरा मिनिटं चालवून घमेल्यात हात घालून बसतो, पण वळणावर झेंडे घेऊन उभे असलेले मार्शल सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच उन्हात असतात. आता आम्ही त्यांच्यासाठी पण ताकाचा एक कॅन नेतो. भाषा कळत नाही, ताक कळतं.

ह्या वर्षी परत गेलो, तोच ट्रॅक, तोच एप्रिल. नियम आधीच ठरला होता, मामाच्या आधणासारखा: पाच राऊंड, मग आत. संत्या पिटच्या भिंतीपाशी पाटी घेऊन उभा, पाटी दिसली की वाद नाही. आणि आत आल्यावर हेल्मेट काढायच्या आधी तेराचा पाढा म्हणायचा. एकोणीसचा ठरणार होता, पण तो मला एसीत पण येत नाही. अडखळलो की त्या दिवसाचं दुकान बंद, किल्ली संत्याकडं.

सकाळचे दोन सेशन झकास झाले, पाढा एका दमात. तिसरं पुन्हा दोन वाजताचं. पाचव्या राऊंडला पाटी दिसली तेव्हा मी इतका मस्त चालवत होतो की काय सांगू, आदल्या राऊंडला दिवसातला सगळ्यात चांगला टाइम पडला होता, अंग हलकं, डोकं शांत, अजून दोन राऊंड सहज झाले असते. तरी आत आलो. संत्याने खिडकीत डोकं घातलं.

"म्हण."

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, तेरा पंचे पासष्ट, तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा साते..."

एक्क्याण्णव मला माहीत होतं. जिभेवरच होतं, नुसता जरा वेळ लागत होता. संत्याने काही न बोलता हात पुढं केला आणि किल्ली काढून घेतली.